औषध पाण्यात विरघळेना, तर रक्तात नेणार कोण?

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग काळी बुरशी आली, म्हणजे म्युकरमायकोसिस. त्या दिवसांत जळगाव-धुळ्याच्या मेडिकल दुकानांचे उंबरे झिजवणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडी एक अवघड शब्द बसला होता : 'लायपोसोमल'. औषधाचं नाव ॲम्फोटेरिसिन-बी. पण साधं ॲम्फोटेरिसिन वेगळं आणि लायपोसोमल, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेलं, वेगळं. दुसरं कितीतरी महाग, आणि मिळता मिळत नव्हतं. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम धरले तर ६० किलोच्या रुग्णाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागायच्या.

बुरशी मारणारा रेणू दोन्ही कुप्यांत तोच होता. फरक होता तो त्याला रक्तातून नेणाऱ्या वाहनात. ॲम्फोटेरिसिन पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त तर बहुतांशी पाणीच. वाहन बदललं की त्याच औषधाचा किडनीवरचा मार कमी होतो आणि डोस वाढवता येतो.

अशी वाहनं बनवण्याचा एक नवा मार्ग म्हणजे पेप्टाइडचे, म्हणजे प्रथिनासारख्या पण छोट्या साखळ्यांचे, अतिसूक्ष्म नॅनोकण. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांमुळे 'पेप्टाइड' हा शब्द सध्या घरोघरी पोचला आहे, पण तिथे पेप्टाइड हेच औषध असतं. इथे ते औषध वाहणारी गाडी आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

फवारणीच्या पंपात रोज दिसणारी गोष्ट

कपाशीवर फवारणी करणाऱ्याला हे कोडं नवीन नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर 'ईसी' लिहिलेलं असतं. आतलं द्रव पारदर्शक, तेलासारखं. बादलीतल्या पाण्यात ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. मूळ औषधाला पाणी सोसत नाही, म्हणून ते तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं आणि सोबत साबणाच्या जातीचा एक पदार्थ घातलेला असतो. पाण्यात पडताच तेलाचे बारीक थेंब होतात, प्रत्येक थेंबाभोवती हा पदार्थ कडं करून उभा राहतो आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही.

'डब्ल्यूपी' भुकटीचं तसं नसतं. तिचे कण विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. पंप हलवत राहिलं नाही तर ते तळाशी बसतात, नोझल तुंबतं आणि एका ओळीला दाट, दुसरीला पातळ औषध जातं. निंबोळी अर्क करतानाही ५ किलो निंबोळीच्या भरड्याला १०० लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा लागतो. विहिरीचं पाणी क्षाराचं, जड असेल तर साबण फाटतो आणि पांढरा साका धरतो.

आता पंपाच्या जागी माणसाचं शरीर ठेवा. नोझलच्या जागी केशवाहिन्या आल्या, ज्यांची रुंदी ५ ते १० मायक्रोमीटर असते. तांबडी पेशीसुद्धा तिथून अंग चोरून जाते. न विरघळलेलं औषध शिरेत सोडलं आणि त्याचे खडे झाले, तर तुंबण्याची जागा फुप्फुस असते. म्हणून असं औषध नुसतं पाण्यात ढवळून शिरेतून देता येत नाही.

'विरघळत नाही' म्हणजे नेमकं किती?

औषधशास्त्रात यासाठी एक सोपी कसोटी आहे. औषधाचा सगळ्यात मोठा डोस २५० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे एका पेल्यात, पोटातल्या आंबटपणापासून आतड्यातल्या जवळजवळ उदासीन पाण्यापर्यंत सगळीकडे विरघळतो का? नाही विरघळला तर ते 'कमी विद्राव्य' औषध. १९९५ मध्ये गॉर्डन अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी औषधांचे चार वर्ग पाडले, त्यात ही कसोटी बसली. यातला दुसरा वर्ग मोठा तापदायक. औषध आतड्याच्या भिंतीतून सहज पार होतं, पण भिंतीपर्यंत पोचायला आधी विरघळावं लागतं, तिथेच ते अडतं.

पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावरचं औषध. एका लिटर पाण्यात ते एक मिलिग्रॅमदेखील धड विरघळत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम असा डोस धरला, तर मध्यम बांध्याच्या बाईला साधारण २८० मिलिग्रॅम लागतं. नुसत्या पाण्यात विरघळवून द्यायचं ठरवलं तर २८० लिटरच्या वर पाणी हवं. घरामागे असतो त्या २०० लिटरच्या ड्रमने जवळपास दीड ड्रम, आणि माणसात रक्त असतं पाच लिटर.

गजकर्णावर दिलं जाणारं इट्राकोनॅझोल याहून हट्टी. उदासीन पाण्यात त्याची विद्राव्यता मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या घरात, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. जठरातल्या आम्लात ती हजारो पटींनी वाढते, तरी मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅमच.

शरीराचा स्वतःचा साबण

तेलकट गोष्टी पाण्यात धरून ठेवायची सोय शरीराने स्वतःसाठी केलेली आहे. पित्ताशयातून येणारं पित्त हा आपला आतला साबण. शेंगदाण्याच्या कुटाची भाजी, तेलाची तर्री असलेली शेवभाजी पोटात गेली की पित्त सुटतं, तेलाचे अतिसूक्ष्म गोळे करतं आणि ते आतड्याच्या भिंतीपर्यंत नेऊन पोचवतं. न विरघळणारं औषध त्याच वेळी पोटात असेल तर तेही या गाडीत बसून जातं. 'जेवणानंतर घ्या' ही सूचना प्रत्येक वेळी पित्त खवळू नये म्हणून नसते. काही औषधांच्या बाबतीत जेवण हीच त्यांची गाडी असते.

जंतांवरच्या अल्बेंडाझोलचं उदाहरण बघा. तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण रिकाम्या पोटाच्या तुलनेत पाचपटीपर्यंत वाढू शकतं. मेंदूत जंतांच्या गाठी झाल्या असतील तर हे हवंच. पण जंत आतड्यातच असतील तर औषध रक्तात जाऊन उपयोग काय? ते आतड्यातच रेंगाळलेलं बरं. विरघळत नाही म्हणून औषध वाईट असं सरसकट म्हणता येत नाही, ते इथे दिसतं.

आजवरच्या युक्त्या आणि त्यांची किंमत

पहिली युक्ती म्हणजे बारीक दळणं. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण पाण्याला शिवायला जास्त अंग मिळतं. एक सेंटिमीटरचा चौकोनी खडा घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच खडा १०० नॅनोमीटरच्या तुकड्यांत फोडला तर एकूण पृष्ठभाग ६० चौरस मीटर होतो, दोन खोल्यांच्या घराच्या जमिनीएवढा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कापसाचा एक तंतू साधारण १५ हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे असे दीडशे कण शेजारी शेजारी मांडले तर एका तंतूची जाडी भरेल. पण दळलेले कण पुन्हा चिकटतात, लहान कण विरघळून मोठ्यांवर बसतात आणि खडे वाढत जातात. शिवाय दळल्याने विरघळण्याचा वेग वाढतो. एकूण किती विरघळेल याची मर्यादा फारशी हलत नाही.

दुसरी युक्ती साबणाची. १९९२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या पॅक्लिटॅक्सेलच्या इंजेक्शनात क्रेमोफोर हा पदार्थ आणि अल्कोहोल जवळपास अर्धे-अर्धे असतात. क्रेमोफोर एरंडेल तेलापासून बनतं. एक मिलिलिटरमध्ये औषध ६ मिलिग्रॅम आणि क्रेमोफोर ५२७ मिलिग्रॅम. म्हणजे २८० मिलिग्रॅम औषधासोबत रुग्णाच्या शिरेत सुमारे २५ ग्रॅम क्रेमोफोर जातं. पोत्यापेक्षा बारदान जड! यावर काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधं देऊन मगच हळूहळू, सहसा तीन तास ठिबकत द्यावं लागतं. साध्या पीव्हीसी पिशवीतलं प्लास्टिक मऊ करणारं रसायनसुद्धा क्रेमोफोर ओढून घेतं, त्यामुळे पिशवी आणि नळी वेगळी वापरावी लागते.

साध्या ॲम्फोटेरिसिनमध्ये डिऑक्सिकोलेट हा पित्ताच्याच जातीचा साबण असतो. ही कुपी सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात मिसळली तर औषध फाटून साका धरतं. ५ टक्के डेक्स्ट्रोजच चालतं. लायपोसोमल प्रकारालाही हाच नियम आहे. कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो तो त्यांच्या अंगावरचा विद्युतभार, आणि मीठ तो भार झाकून टाकतं. जड पाण्यात साबण का फाटतो हे ज्याने पाहिलं आहे, त्याला ही सूचना पाठ करावी लागत नाही.

तिसरी युक्ती प्रथिनाची. आपल्या रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन असतंच आणि तेलकट रेणू इकडून तिकडे नेणं हे त्याचं नेहमीचं काम. पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनला बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केले, क्रेमोफोर गेलं, तीन तासांचं काम अर्ध्या तासावर आलं. हे औषध २००५ मध्ये मान्य झालं. इथूनच पुढचा प्रश्न निघाला : अख्ख्या प्रथिनाऐवजी आपल्याला हवा तसा छोटा तुकडा बनवला तर?

पेप्टाइड म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची पोत

प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. निसर्ग यासाठी मुख्यतः वीस प्रकारची अमिनो आम्लं वापरतो. पोतीत मणी ओवतात तशी ती एकापुढे एक जोडली जातात. शेकडो मण्यांची लांब पोत म्हणजे प्रथिन. दोन ते पन्नासेक मण्यांची छोटी पोत म्हणजे पेप्टाइड. पुरणात जे अमिनो आम्ल हरभऱ्याच्या डाळीतून येतं, तेच इथे मणी म्हणून वापरता येतं.

प्रत्येक मण्याचा स्वभाव वेगळा. फेनिलॲलनिन, ल्युसिन, व्हॅलिन हे तेलाकडे ओढ असलेले, पाण्यापासून तोंड फिरवणारे. लायसिनवर धन भार असतो, ग्लुटामिक आणि ॲस्पार्टिक आम्लावर ऋण, आणि या दोन्ही गटांना पाणी आवडतं. पोतीच्या एका टोकाला तेलकट मणी आणि दुसऱ्या टोकाला पाणीप्रेमी मणी ओवले की दोन-तीन नॅनोमीटर लांबीचा, अमिनो आम्लांचा साबण तयार होतो. सहा व्हॅलिन आणि शेपटीला एक-दोन ॲस्पार्टिक आम्लं, अशी साधी पाककृतीही चालते.

उन्हातल्या मेंढ्या

हे पेप्टाइड पाण्यात टाकल्यावर जे होतं ते बाहेरून कुणी घडवत नाही. धुळे-साक्रीकडे वैशाखाच्या भर दुपारी ठेलारी मेंढपाळांचा कळप बघा. सावली नसेल तर मेंढ्या आपोआप गोल जमतात, प्रत्येकीचं डोकं आत, दुसरीच्या सावलीत, आणि लोकरीची पाठ बाहेर उन्हाकडे. तेलकट मण्यांना पाणी म्हणजे असंच ऊन. ती टोकं आत वळतात, पाणीप्रेमी टोकं बाहेर राहतात आणि काही नॅनोमीटरपासून शंभर-दीडशे नॅनोमीटरपर्यंतचा कण आपसूक जमतो. आतल्या कोरड्या, तेलकट जागेत पाण्याला घाबरणारं औषध जाऊन बसतं, रिंगणाच्या मध्ये कोकरू उभं राहावं तसं.

मण्यांचा क्रम बदलला की आकारही बदलतो. कधी गोळा, कधी पोकळ फुगा, कधी नळी, कधी लांब तंतू. २००३ मध्ये इस्राएलमधल्या तेल अवीव विद्यापीठातल्या मेटल रेचेस आणि एहुद गाझित यांनी दाखवलं की फेनिलॲलनिनचे फक्त दोन मणी जोडले तरी पाण्यात नॅनोनळ्या तयार होतात. दिल्लीच्या इंटरनॅशनल सेंटर फॉर जेनेटिक इंजिनिअरिंग अँड बायोटेक्नॉलॉजी या संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोनच मण्यांच्या पेप्टाइडच्या कणांत हळदीतलं कर्क्युमिन भरून दाखवलं. त्यातला एक मणी फेनिलॲलनिनचा थोडा बदललेला भाऊ होता, जो शरीरातल्या पाचक रसांना सहजी तोडता येत नाही.

पेप्टाइडचं खरं बळ या लिहिता येणाऱ्या क्रमात आहे. साध्या साबणाची एक शेपटी, एक डोकं, संपलं. इथे वीस अक्षरांत हवं ते लिहिता येतं. हिस्टिडिन हा मणी घातला तर कण रक्तात बंद राहतो आणि किंचित आंबट जागी उघडतो. कर्करोगाच्या गाठीतला आणि पेशीच्या आतल्या पिशव्यांतला परिसर असा आंबट असतो. दोन सिस्टिन घातले तर गंधकाची गाठ बसते, आणि पेशीच्या आत गेल्यावर तिथलं ग्लुटाथायोन नावाचं रसायन ती सोडवतं.

प्रयोगशाळेत कसं करतात, आणि कुठे बिघडतं

शिरपूर, जळगाव, धुळ्याच्या फार्मसी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना यातली बरीच उपकरणं ओळखीची असतील, म्हणून हा भाग जरा सविस्तर. उदाहरणाला १० मिलिग्रॅम पेप्टाइड आणि १ मिलिग्रॅम कर्क्युमिन घेऊ.

पेप्टाइड पांढऱ्या भुकटीच्या रूपात उणे २० अंशांवर ठेवलेलं असतं. पहिली चूक इथेच होते. थंड कुपी लगेच उघडली की हवेतली वाफ आत जमते, भुकटी ओलावते, वजन खोटं येतं. कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच झाकण काढायचं. दोन्ही पदार्थ थोड्या मिथेनॉलमध्ये एकत्र विरघळवून, कमी दाबाखाली फ्लास्क फिरवत द्रावक उडवायचं. काचेवर पातळ पिवळा पापुद्रा राहतो. तो एकसारखा हवा. त्यात केशरी ठिपके दिसले तर औषध आताच वेगळं पडलं आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही. पापुद्र्यावर १० मिलिलिटर कोमट पाणी घालून हलवायचं आणि ध्वनिलहरींच्या टाकीत काही मिनिटं ठेवायचं, पण थांबत थांबत, कारण सलग ठेवलं तर पाणी तापतं आणि कणांची घडी विस्कटते.

मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. कणांत न बसलेलं कर्क्युमिन तळाशी केशरी साक्यासारखं उतरतं. वरचं द्रव अल्कोहोलमध्ये मोडून ४२५ नॅनोमीटरच्या प्रकाशात किती शोषण होतं ते मोजलं की आत किती औषध बसलं ते कळतं. समजा ०.८ मिलिग्रॅम बसलं. घातलेल्यापैकी ८० टक्के आत गेलं, हा आकडा ऐकायला छान वाटतो. पण कणाच्या एकूण १०.८ मिलिग्रॅम वजनात औषध किती? फक्त ७.४ टक्के. शोधनिबंध वाचताना पहिला आकडा ठळक आणि दुसरा गायब असेल तर सावध व्हावं. रुग्णाच्या अंगात किती बारदान जाणार हे दुसराच आकडा सांगतो.

कणांचा आकार लेझरने मोजतात. सरासरीइतकाच महत्त्वाचा असतो त्यांच्यातला एकसारखेपणा, आणि त्याचा आकडा जितका लहान तितके कण एकसारखे. तो ०.२ च्या आसपास किंवा खाली असला तर समाधान. निर्जंतुक करायला ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढायचं असतं, त्यामुळे २०० नॅनोमीटरच्या वरचे कण गाळणीवरच अडकतात आणि औषध त्यांच्याबरोबर जातं. उष्णता देऊन निर्जंतुक करावं, तर घडी मोडते.

साठवायला गोठवून सुकवतात. पाणी गोठताना बर्फ कणांना कोपऱ्यात रेटतं आणि ते एकमेकांत चेपले जातात. म्हणून आधी ट्रेहॅलोजसारखी साखर घालतात. रावेर-सावद्याच्या पॅकहाउसमध्ये केळीच्या फण्यांमध्ये फोमचा कागद घालतात, तो नसेल तर साल घासून काळी पडते. साखर इथे तेच काम करते. सुकवलेली भुकटी परत पाण्यात टाकल्यावर आकार पूर्वीइतकाच येतो का, हे तपासल्याशिवाय ती टिकाऊ आहे असं म्हणायचं नाही.

सगळ्यात फसवी चाचणी औषध किती वेगाने सुटतं याची. कण एका पातळ पडद्याच्या पिशवीत घालून ३७ अंशांच्या पाण्यात सोडतात आणि बाहेर किती औषध आलं ते तासातासाला मोजतात. पण औषध मुळात पाण्यात विरघळतच नाही, तर बाहेर येऊन जाणार कुठे? बाहेरच्या पाण्यात औषध सामावून घेणारा पदार्थ घातला नाही, तर आलेख संथ दिसतो आणि लोक म्हणतात, 'वा, औषध तीन दिवस हळूहळू सुटतंय.' ते सुटत नसतं, अडकलेलं असतं. कर्क्युमिनच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. रक्ताइतक्या आम्लतेच्या साध्या बफर पाण्यात ते अर्ध्या तासात बहुतांशी मोडून जातं. मोडलेलं औषध मोजणीत येत नाही आणि तेही 'अजून आत आहे' असंच दिसतं.

साबणच घालायचा तर साधा का नको?

कारण साबण तेल आणि पेशीचं आवरण यांत भेद करत नाही. तांबड्या पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचंच असतं. तीव्र साबण ते फाडतो आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. पेप्टाइड जात्याच सौम्य असतं असंही नाही. धन भाराचे मणी फार झाले तर तेही आवरण फाडतं. जंतू मारणारी काही पेप्टाइड नेमकं हेच करतात. म्हणून माणसाच्या तांबड्या पेशींवरची चाचणी सुरुवातीलाच करतात. फरक इतकाच की पेप्टाइडमध्ये दोष सापडला तर एक मणी बदलून पुन्हा बघता येतं, आणि काम झाल्यावर शरीर त्याचे तुकडे करून अमिनो आम्लं वापरून टाकू शकतं.

इंजेक्शन दिल्यावर कण टिकतो का?

ही खरी अडचण आहे. मेंढ्यांचं रिंगण कळप दाट असेल तोवरच टिकतं. पाण्यात पेप्टाइड एका ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तरच कण जमतात. मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅमचं एक मिलिलिटर द्रव पाच लिटर रक्तात गेलं की ते पाच हजार पट पातळ होतं, मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम. तेवढ्यात कण विरले तर औषध वाटेतच सांडलं. म्हणून एकमेकांना घट्ट धरणारे मणी निवडावे लागतात, किंवा गंधकाची गाठ मारावी लागते. फार घट्ट धरलं तर पोचल्यावर उघडणार नाही, सैल सोडलं तर पोचणारच नाही. या क्षेत्रातली निम्मी मेहनत याच तोलावर खर्च होते.

त्यातून रक्तातली प्रथिनं कणावर चिकटतात आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. सगळ्या प्रकारचे नॅनोकण धरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, प्राण्यांमधल्या प्रयोगांत दिलेल्या डोसपैकी कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचणाऱ्या भागाची मध्यमा ०.७ टक्के निघाली. 'नॅनोकण थेट कर्करोगावर जाऊन आदळतात' असं कुणी सांगितलं तर हा आकडा आठवावा. वाहनामुळे औषध रक्तात सुरक्षित देता येतं, हाच मोठा फायदा. नेमका पत्ता शोधण्याचं काम अजून बरंच बाकी आहे.

गोळी करून पोटातून देता येणार नाही का?

पोटाला पेप्टाइड आणि डाळीतलं प्रथिन सारखंच. जठरातलं पेप्सिन आणि आतड्यातलं ट्रिप्सिन पोत तोडून मणी सुटे करतात. आरशातल्या प्रतिमेसारखी उलट्या घडणीची अमिनो आम्लं वापरली तर ही तोडमोड बरीच टळते, पण खर्च वाढतो आणि ते शरीरातून बाहेर कसं पडेल हे नव्याने तपासावं लागतं. म्हणून सध्याचा भर इंजेक्शन, डोळ्यातले थेंब, त्वचेवरचं मलम अशा वाटांवर जास्त आहे.

ॲलर्जी होईल? विसरभोळेपणा येईल?

शरीर परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड करतं, ही भीती रास्त आहे. दोन-तीन मण्यांची पोत रोगप्रतिकारशक्तीच्या सहसा नजरेत भरत नाही. पण तीच पोत हजारोंच्या संख्येने कणावर दाटीने मांडली तर भरू शकते. लस बनवणारे याच गुणाचा फायदा घेतात.

दुसरी शंका जरा खोल आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनात फेनिलॲलनिनची ती जोडी असते, आणि गाझित यांच्या गटाला कल्पना तिथूनच मिळाली. पण दोन मण्यांची जोडी म्हणजे तो आजार नव्हे. ही जोडी अनेक साध्या प्रथिनांत असते. तरी न मोडणारे कडक तंतू शरीरात साचू नयेत, याची काळजी घ्यावीच लागते. म्हणून औषध वाहायला विरघळून जाणारे गोळे बरे समजले जातात.

एवढं महाग का?

१९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी प्लास्टिकच्या बारीक दाण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत जाण्याची पद्धत काढली. त्यासाठी १९८४ चं नोबेल मिळालं. हिशेब असा : सोळा मण्यांच्या पोतीला पंधरा जोड. प्रत्येक जोड ९९ टक्के यशस्वी झाला तर शेवटी ८६ टक्के पोती बिनचूक निघतात. जोड ९५ टक्क्यांवर घसरला तर फक्त ४६ टक्के. उरलेल्या पोतींत एखादा मणी गाळलेला असतो. त्या दिसायला जवळजवळ सारख्या, वागायला वेगळ्या, आणि त्यांना वेगळं काढण्यातच पैसा जातो. दोन-तीन मण्यांच्या पेप्टाइडवर संशोधकांचा जीव आहे तो यामुळे. जोड कमी, चुका कमी, भाव कमी.

आपल्यापर्यंत कधी?

स्वतःहून जमणारी पेप्टाइडं दवाखान्यात पोचली आहेत, पण वेगळ्या कामाला : सोळा मण्यांच्या एका पेप्टाइडचा जेल दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवायला वापरतात. न विरघळणारं औषध भरलेले छोट्या पेप्टाइडचे कण मात्र आज गावच्या मेडिकलवर मिळत नाहीत. म्हणून 'नॅनो हळद', 'नॅनो पेप्टाइड शक्ती' अशा पुड्यांवर विश्वास ठेवण्याआधी विचारा : कणाचा आकार किती, औषधाचं प्रमाण किती, चाचणी माणसांवर झाली का, आणि कणाचा आकार मुदत संपेपर्यंत टिकतो का. हळदीत कर्क्युमिन असतं २ ते ५ टक्के, आणि ते तेलात विरघळतं. फोडणीत हळद टाकणाऱ्या आज्यांनी वाहनाचा प्रश्न त्यांच्यापुरता सोडवलेला आहे. जास्त शोषलं जावं म्हणून मिरीचा अर्क घालून केलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. जास्त शोषण म्हणजे जास्त गुण, असं गणित नाही.

गजकर्णाचं मात्र आजच तपासता येण्यासारखं आहे. आपल्याकडे घामाच्या दिवसांत ते घरभर पसरतं, महिनोन्‌महिने औषध चालतं आणि 'गोळ्या लागूच पडत नाहीत' अशी तक्रार येते. त्यामागे बुरशी हट्टी झाल्याचं कारण असू शकतं, स्टेरॉइडची मलमं असू शकतात. पण इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल रिकाम्या पोटी, किंवा ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलसारख्या गोळीसोबत घेतली जात असेल तर ती नीट विरघळतच नाही. ही कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची असते. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं. पाकिटावर 'सुपर बायोअव्हेलेबल' (म्हणजे जास्त शोषली जाणारी) आणि १०० ऐवजी ५० किंवा ६५ मिलिग्रॅम असं छापलं असेल तर वाहन वेगळं आहे, त्याचा नियमही वेगळा. पाकीट घेऊन जाऊन तो विचारून घ्या.